उरलेला एक शब्द

"तुमचं नाव काय, मिस्टर वेड?"

"वर," लियँडर म्हणाला.

"या बाई तुमच्या कोण?"

"वर."

"तुम्ही स्वतः बाई आहात का?"

"वर!" लियँडर खेकसला. रुग्णालयाच्या समाजसेविकेने कागदावर तिसरी फुली मारली. पोरगी वाईट नव्हती, पण तिच्याकडे 'समजतं' आणि 'समजत नाही' एवढे दोनच रकाने होते.

खाटेशी उभ्या असलेल्या फिलोमिनाने ती फुली पाहिली. अर्धांगाच्या झटक्याने नवऱ्याची उजवी बाजू गेली होती, आणि सत्तर वर्षांच्या बडबडीतून नेमका हा एकच शब्द मागे राहिला होता. गेले सात आठवडे ती तोच ऐकत होती. उशी सरकली की वर. खिडकीचा पडदा उघड म्हणायचं की वर. टीव्हीवर हॉकीत आपल्या पोरांनी गोल केला की केवढ्याने वर! अन् चहात डब्यातलं दूध कमी पडलं की नाक मुरडून तेच. तिला सगळं कळायचं. पण हे त्या पोरीला कसं पटवून द्यायचं?

"मिसेस वेड, त्यांना कळलंच नाही तर घरी धोका आहे," पोरगी हळू आवाजात म्हणाली. "दुखलं तर सांगणार कसे? आपल्या या बेटाच्या पार त्या टोकाला एका शुश्रूषागृहात खाट रिकामी आहे. आज कळवलं नाही तर तीही जाईल."

त्या टोकाला म्हणजे गाडीने आठ तास. फिलोमिनाला गाडी चालवता येत नव्हती.

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या रविवारी चर्चमधून येऊन तिने त्याला विचारलं होतं, "लियँडर, घरी यायचं ना रे?" तो छताकडे बघत बसला, आणि मग हळूच म्हणाला, "वर." तेव्हापासून तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नव्हता. त्या एका 'वर'चा अर्थ लावायची तिची छाती होत नव्हती.

तेवढ्यात दार ढकलून लियँडरचा कामावरचा जुना जोडीदार गस आत आला. टोपी तिरकी, काखेत बायकोने दिलेला जॅमचा डबा. बेटावरून न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या उंच इमारतींवर सव्वीस वर्षं गसने क्रेन चालवली होती, आणि त्याला खुणा करायला समोर लियँडर. आजवर दर खेपेला पायदुखीचं निमित्त सांगून त्याने इथे यायचं टाळलं होतं.

"त्यांना काही सांगता येतं का, तेच बघतोय," पोरगी म्हणाली. "मिस्टर वेड, कुठे दुखतंय का?"

"वर."

गस दारातच थबकला. "अगं पोरी, नाही म्हणतोय ना तो!"

"ते 'वर' म्हणाले."

"तोंडाचं सोड. हात बघ त्याचा."

लियँडरचा डावा हात पांघरुणावर आडवा पसरला होता. तळवा खाली, पुढे-मागे हलत होता. फिलोमिनाने तो हात रोज पाहिला होता. बिचाऱ्याचा चाळा आहे, असं समजून रोज पांघरुणात सरकवला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हे 'थांब'. म्हणजे नाही," गस म्हणाला. "आणि बोट वर करून गोल फिरवलं की 'उचल'. म्हणजे हो. मी इंजिनाच्या गोंगाटात काचेआड बसायचो, हा समोर तुळईवर उभा. तोंडाने ओरडतही असेल काहीतरी. मला कुठे ऐकू यायचं! सव्वीस वर्षांत कामावर याचा एक शब्द ऐकला नाही मी, आणि एक तुळई चुकीच्या जागी ठेवली नाही."

पोरीने खुर्ची पुढे ओढली. "मिस्टर वेड, आज मंगळवार आहे का?"

तळवा आडवा.

"गुरुवार?"

बोट वर गेलं आणि गोल फिरलं.

"इथलं सूप आवडतं तुम्हाला?"

तळवा असा काही सपासप फिरला की पाण्याचा पेला खाली आला. "आता सगळी साइट बंद पडणार!" गस म्हणाला, आणि पोरगीसुद्धा खुदकन हसली. मग तिने कागदावरच्या फुल्या एकेक करून खोडल्या. "बरं, आता शेवटचं. कुठे जायचं ते…"

"ते मी विचारते," फिलोमिना म्हणाली. त्याच्या डाव्या अंगाला ती खुर्चीच्या काठावर बसली. "लियँडर, खरं सांग हं. तुला नक्की कुठे जायचंय रे?"

"वर," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले.

"मिना, डोळे उघड," गस म्हणाला. "बोलणं झालेलं नाही त्याचं."

लियँडरने डावा हात पोटासमोर आणला आणि तो उजव्याची वाट बघत राहिला. उजवा मांडीवर पडला होता तसाच पडून राहिला. लियँडरने त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग शेजारचा फिलोमिनाचा हात धरला, पोटासमोर ओढला, आणि तिच्या बोटांत बोटं अडकवून मूठ घट्ट आवळली.

गसने टोपी काढली.

"हे काय?" पोरीने विचारलं.

"ही खूण संध्याकाळची. दोन हात लागतात तिला." गस म्हणाला. "काम संपलं. आता काही वर न्यायचं नाही. जे जिथे आहे ते तिथेच घट्ट बांधा, आणि घरी चला."

पोरीने घरी सोडण्याचा कागद फिलोमिनापुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. लियँडरने मूठ सोडली नव्हती. फिलोमिनाने पेन डाव्या हातात घेतलं आणि जमेल तशी, वेडीवाकडी सही केली.