राहू द्या, जावईबापू

नवाकोरा नळसुद्धा गळत होता. टप. टप. टप.

जावई स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभा राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो सासुरवाडीला राहायला आला होता. आल्या संध्याकाळीच सासरेबुवांनी विचारलं होतं, "तुम्ही नक्की कशात डॉक्टरेट करताय?"

"पाण्याच्या प्रवाहात."

"अस्सं," म्हणून सासरेबुवांनी वर्तमानपत्रात तोंड घातलं, ते अजून बाहेर काढलं नव्हतं. नेमकी तेव्हाच आतून टपटप ऐकू आली. जावयाला वाटलं, देव पावला.

"मी बघतो तो नळ," तो उठलाच.

"अहो, राहू द्या, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

निघताना आईने त्याला बजावून ठेवलं होतं, 'तिकडे कुणी राहू द्या म्हटलं तर ऐकायचं नाही. लोक भिडेखातर म्हणतात.' त्याने बाह्या सरसावल्या.

आधी त्याने नळातला रबरी वायसर बदलला. नळ गप्प झाला. सकाळी पुन्हा टपटप. रात्रीच्या गारव्याने रबर आकसलं असणार, असं निदान करून त्याने जाड वायसर घातला. सकाळी पुन्हा तेच. मग त्याने अख्खा नळच बदलला. दर वेळी सासूबाई 'राहू द्या' म्हणत, आणि दर वेळी त्याला त्यांच्या मोठेपणाचं कौतुक वाटे. बायकोला विचारावं, तर माहेरी आल्यापासून ती पांघरुणाबाहेर आली नव्हती. घरचा बोका तेवढा ओट्यावर बसून सगळी दुरुस्ती बघे, खाऊ की गिळू अशा नजरेने.

आता नळ नवा, वायसर नवा आणि गळती जुनीच. म्हणजे दोष नळात नाहीच. दोष पाण्याच्या दाबात आहे! जावई तडक गच्चीवर गेला आणि त्याने टाकीचा कॉक बंद केला.

खाली आरोळी उठली. तो धावत आला, तेव्हा सासरेबुवा भिंत चाचपडत न्हाणीघरातून बाहेर येत होते. कमरेला टॉवेल, वर सगळा फेस.

"पाणी कुणी बंद केलं?"

"मी, बाबा. दाब कमी करून बघत होतो. नळाची ती गळती..."

"नळ गळत नाहीये हो!" साबण डोळ्यांत गेला की भीडभाड राहत नाही. "ही मुद्दाम सोडून ठेवते तो, रोज. बोक्यासाठी! वाडग्यातलं पाणी लाटसाहेबांना चालत नाही. थेंब थेंब लागतं!"

जावयाने बोक्याकडे पाहिलं. बोक्याने तोंड फिरवलं.

"पण आई, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं की," सासूबाई कळवळून म्हणाल्या. "रोज सांगितलं. राहू द्या, राहू द्या. आणखी कसं सांगतात?"

आतल्या खोलीत पांघरूण गदगदून हसत होतं.

दुपारी पानावर बसताना सासरेबुवांनी फर्मान काढलं, "आजपासून या घरात जे बोलायचं ते सरळ. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको." त्यांचे डोळे अजून लाल होते. सगळ्यांनी मुकाट्याने माना डोलावल्या.

शेवटी पुडिंग आलं. पुडिंग म्हणजे जावयाचा जीव की प्राण. त्याची वाटी बघता बघता चाटूनपुसून लख्ख झाली. सासूबाईंनी भांड्यात उरलेला शेवटचा तुकडा डावावर घेतला.

"वाढू?"

"नको नको, राहू द्या," जावई म्हणाला, आणि त्याने वाटी हळूच पुढे सरकवली.

"बरं," म्हणून सासूबाईंनी डाव बोक्याच्या वाडग्यात रिकामा केला.

बोक्याने आग्रहाची वाट पाहिली नाही.