हात लावायचा नाही

"टॉवेलात गुंडाळून?" मासेडॉक्टर फोनवर एवढ्या जोरात खेकसला की दुकानातलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. "काका, असं टॉवेलात धरतात होय? काटा अडकतो आणि मोडतो!"

"मग कसं उचलू, डॉक्टर? ओली होती. सुळकन निसटली आणि टबाच्या कडेवर आपटली." पलीकडे म्हाताऱ्याचा आवाज कापत होता. "आमची वाचेल ना?"

आमची. आठ वर्षांपूर्वी बोटाएवढी कॅटफिश मासेडॉक्टरनंच या म्हाताऱ्याला विकली होती. आता ती कोपरापर्यंतच्या हाताएवढी झाली होती. म्हाताऱ्याला मूलबाळ नाही. घरात तो, काकू आणि मिशावाली 'आमची'. आमची रुसली, आमची जेवली नाही, असे फोन महिन्यातून दोनदा यायचे. ती गेली तर म्हातारा पाठोपाठ जाणार, हे मासेडॉक्टरला कळत होतं.

"कुठली बाजू?"

"उजवी. हाडाचं टोक बाहेर दिसतंय."

"हाड नव्हे, काटा म्हणतात त्याला. पराचा. ओढला नाहीत ना?"

"छे! हात लावू देत नाही."

"लावायचाच नाही. आता कुठे आहे?"

"टबातच. परत उचलायची छाती होईना."

"जन्मात हे एक काम अकलेचं केलंत. पाण्यातच राहू दे. रोज थोडं पाणी काढायचं, तेवढंच ताजं घालायचं. एकदम गरम ओतायचं नाही. दिवा बंद. खायला काही नाही."

"थांबा, लिहून घेतो. हल्ली लक्षात राहत नाही." कागद खसखसला. "मीठ टाकू का पाण्यात?"

"चिमूटभरही नको. सोसत नाही."

"सारखी कण्हते हो."

"कण्हणारच. काटा खोबणीत घासला की आवाज येतो. आवाज आहे म्हणजे जीव आहे."

म्हातारा चाचरत म्हणाला, "मोठ्या दवाखान्यात विचारू का एकदा?"

मासेडॉक्टरचं टाळकं सटकलं. गेल्याच महिन्यात मोठ्या दवाखान्यातल्या एका पदवीवाल्यानं जाळीत अडकलेल्या कॅटफिशचा अख्खा पर कापून टाकला होता. जाळी कापायची सोडून मासा कापला! पाच वर्षं कॉलेजात काय गवत उपटलं? मासेडॉक्टरकडे पदवी नव्हती, पण मोडलेले पर कसे सांधतात ते तो टाकीसमोर उकिडवा बसून शिकला होता. म्हणून तर कार्डावर त्यानं मुद्दाम 'माशांचा' हा शब्द गाळून नुसतं 'डॉक्टर' छापलं होतं. पदवीवाले जळतात तर जळू देत.

"विचारा की," तो म्हणाला. "आणि मग मला फोन करू नका. ते की मी, काय ते एक ठरवा."

"तुम्हीच," म्हातारा घाईघाईनं म्हणाला. "तुम्हीच, डॉक्टर. रागावू नका."

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मासेडॉक्टर जरा निवळला होता.

"काकूंना एका बाजूनं धरायला सांगितलं असतंत तर ही पाळी आली नसती."

"ती कशी धरणार?"

"हो, त्यांचे गुडघे. काय म्हणतात त्या?"

"काही म्हणत नाही. नुसती माझ्याकडे बघत असते."

"चिडल्या असतील."

"फार," म्हातारा म्हणाला. "डॉक्टर, तुम्ही येऊन बघता का?"

"मी येऊन काय दिवे लावू? बघायचं म्हणजे उचलायचं, उचललं की परत जखम. हात न लावणं हेच औषध, काका. जगात एवढं फुकट औषध दुसरं नाही, आणि तेच कुणाला पचत नाही."

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा आवाज हलका झाला होता. "आज कण्हत नाही. शांत पडलीय."

"तळाला टेकून?"

"हो."

"झालं तर मग! दुखणं उतरलं." फोन ठेवून मासेडॉक्टरनं दुकानातल्या सगळ्यांना ऐकवलं, "बघा, हात न लावता बरी केली. सांगा त्या पदवीवाल्यांना."

चौथ्या दिवशी मात्र तो बातमी ऐकून ताडकन उठला. कातडीवर पांढरं आलं होतं. सालं सुटत होती.

"बुरशी! कशाला हात लावू नका, आलोच."

निळ्या औषधाची बाटली आणि कापूस पिशवीत कोंबून त्यानं भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं.

म्हाताऱ्यानं दार उघडलं. दाढीचे खुंट वाढलेले, सदरा उलटा, डोळे तारवटलेले. सगळे पडदे ओढलेले होते. मासेडॉक्टरनं नाक मुरडलं. पाणी नासलंय, त्याच्या मनात आलं.

बाहेरच्या खोलीतली मोठी टाकी जागच्या जागी होती. तो सवयीनं वाकला आणि वाकलेलाच राहिला. काचेपाशी कॅटफिश आली होती. मिशा हलवत, दोन्ही पर पंख्यासारखे पसरून. एकही काटा मोडलेला नव्हता.

"काका, ही तर ठणठणीत आहे! दुसरी कधी आणलीत?"

"दुसरी?" म्हातारा गोंधळला. मग त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि बोळातून चवड्यांवर पुढे झाला. न्हाणीघराचं दार त्यानं अलगद ढकललं.

"दिवा लावू नका, डॉक्टर. तुम्हीच सांगितलंय," तो कुजबुजला. "चार दिवस झाले, हिनं तुमचा शब्द मोडला नाही."

अंधाराला डोळे सरावले तसा मासेडॉक्टरला आधी टबाच्या कडेवर नीट घडी घालून ठेवलेला काकूंचा चष्मा दिसला आणि मग पाण्यावर पसरलेले पांढरे केस.