आधी नाव विचारायचं

पहिला नारळ सिनेमातल्या वीजधरच्या कटआउटपुढे फुटलाच नाही. तो पिवळ्या टी-शर्टातल्या एका पोराच्या खांद्यावर बसला आणि पोरगा टॉकीजच्या पायरीवर आडवा झाला.

गांधीबागेतल्या त्या टॉकीजचा बाराचा खेळ नुकताच सुटला होता. खेळ सुटल्यावर हीरोपुढे फोडायला आणलेलं नारळांचं पोतं फाटकाशी उघडं होतं. आता प्रत्येकाला त्यातला एक हवा होता.

पोरगा बाहेर पडताना एवढंच बोलला होता, "लय भारी! पह्यल्यांदा मर्दावानी लढला. नाहीतर पुस्तकात काय, आधी नाव विचारे, मंग मारे. हीरो होता का जनगणनेवाला बे?"

पुस्तकांतला वीजधर तसाच होता. समोर चोर असो की राक्षस, तो आधी विचारायचा, "नाव काय गा तुझं?" नाव कळल्यावरच हात उचलायचा, आणि नाव कळलेल्या माणसाचा जीव त्याने कधी घेतला नाही. सिनेमात त्याने कुणालाच काही विचारलं नाही. सरळ माना मोडल्या. अर्धं थिएटर शिट्ट्या मारत होतं, अर्धं खुर्च्या उपटत होतं.

कुसुमताई भिंतीला धरून बाहेर आल्या. घरचं दुकान बंद ठेवून त्यांना सिनेमाला आणलं होतं ते दुर्गेशने, त्यांच्या मुलाने. त्याच्या लहानपणी वीजधरची पुस्तकं दोघं मिळून वाचायची. राक्षसाचा आवाज त्यांचा, वीजधरचा त्याचा.

पायरीभोवती सगळ्यांच्याच तोंडावर वीजधरचा मुखवटा होता. बाकीचे मुखवटे प्लास्टिकचे, एकच कापडी. पोराच्या छातीवर तो कापडी मुखवटेवालाच गुडघा रोवून बसला होता. त्या मुखवट्याला लावलेला आपल्या जुन्या लुगड्याचा जांभळा काठ कुसुमताईंनी लांबूनच ओळखला.

"बोल बे! आता बोल!" दुर्गेशच्या उगारलेल्या मुठीत नारळ होता. "कोण जनगणनेवाला?"

पोराच्या ओठांतून रक्ताचा फुगा आला. कुणीतरी त्याच्या बरगडीत लाथ घातली.

"फोड डोकं साल्याचं! वीजधरच्या इज्जतीचा सवाल हाये!"

"दुर्गेश! सोड त्याले!"

"तू बाजूले हो, माय. यानं वीजधरले शिवी देल्ली."

कुसुमताई बाजूला झाल्या नाहीत. कोपरं मारत त्या आत शिरल्या, पायरीवर बसल्या आणि पोराचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. लुगड्याच्या निऱ्या लगेच लाल झाल्या.

"नाव काय गा तुझं?"

वीजधरचं वाक्य त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

पोराने रक्त गिळलं. "चंदन."

"कुठला?"

"खाप्याचा."

कुसुमताईंनी मुलाकडे पाहिलं. "चंदन नाव हाये याचं. खाप्याचा हाये. घे, मार आता."

दुर्गेशचा हात वरच राहिला. कापडी मुखवटा श्वासाने आतबाहेर होत होता. मग हात हळूहळू खाली आला. गुडघा उचलून तो मागे सरकला आणि तिथेच फतकल मारून बसला.

प्लास्टिकचा मुखवटा घातलेला एक जण पुढे झाला. त्याने दुर्गेशच्या मुठीतला नारळ काढून घेतला.

"हट बे. तुझ्यानं नाही होत."

कुसुमताईंनी चंदनचं डोकं पदराखाली घेतलं, त्या त्याच्यावर वाकल्या आणि त्यांनी वर पाहिलं. मुखवट्याला डोळ्यांच्या जागी भोकं होती. भोकांमागचे डोळे उन्हात दिसत नव्हते.

नारळ वर गेला.

"अन् तुझं नाव काय गा?" त्यांनी विचारलं.