घागरीतला वेग

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळातली गोष्ट. मन्मथ चालवायचा ती बस रोज उशिरा पोचायची. तक्रार गेली, म्हणून एक दिवस तपासनीस साहेब स्वतः गाडीत बसले.

विहिरीजवळच्या थांब्यावर दहा-बारा बाया भरलेल्या घागरी घेऊन चढल्या. त्यांचं गाव पुढच्याच थांब्यावर होतं. तो थांबा लांब दिसत होता, तरी मन्मथनं गाडी हळू केली.

"आतापासून कशाला?" साहेबांनी विचारलं.

"बिरेक मारला की गाडी थांबती साहेब, घागरीतलं पाणी थांबत न्हाई. ते तसंच पुढं पळतं. म्हणून वेग हळूहळू काढून घेतो."

"ते काही नाही. गाडी वेळेवर गेली पाहिजे."

मन्मथनं गाडी पुन्हा जोरात नेली आणि थांब्यावर करकचून ब्रेक दाबला. बायांनी घागरी घट्ट धरल्या होत्या, तरी पाणी उसळलं आणि वाहत साहेबांच्या बुटांपर्यंत आलं. त्यांच्यातल्या सरजाबाईनं आपल्या घागरीत डोकावून पाहिलं. निम्मीच उरली होती.

"पहाटंपासून नंबर लावून बसले होते, साहेब," ती एवढंच म्हणाली आणि उतरली.

साहेब लातूरला उतरले, तेव्हा त्यांचे बूट अजून ओलेच होते.

पुढच्या आठवड्यात मन्मथच्या फेरीला पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. आदेशात साहेबांनी कारण लिहिलं होतं, 'वाटेत मोठा चढ आहे.'

मन्मथनं ते दोनदा वाचलं आणि गालातल्या गालात हसला. त्या अख्ख्या रस्त्यावर कुठंच चढ नव्हता.