बहिऱ्याची सही

तोफखान्यात उमेदीची वर्षं घालवून आजोबांचे दोन्ही कान गेले होते. पेन्शन ऑफिसातल्या साहेबांनी काचेखालून एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, ‘संरक्षण खर्चात कपात झाली आहे. तुमचा अपंगत्व भत्ता निम्मा. मान्य असल्याची सही करा.’

आजोबांनी पेन उघडलं, तसे साहेब शेजारच्या कारकुनाला हसत म्हणाले, "नियमात बसत नाही खरं तर. पण म्हाताऱ्याला कुठे ऐकू येतंय? सही घ्यायची आणि मोकळं व्हायचं."

 

आजोबांनी पेनाला टोपण लावलं आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे ओठ वाचतोय, साहेब. ते ‘नियमात बसत नाही’ तेवढं जरा लेखी द्या!"