समुद्राकडची खोली
रिसेप्शनिस्टने दोन किल्ल्या पुढे केल्या. समुद्राकडच्या खोलीत बाथटब होता, बाल्कनीत झोपाळा. मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं रात्रभर धडधडत. नवऱ्याने सवयीने पहिली किल्ली उचलली. गेल्या वर्षी “कामाचा ताण आहे गं” म्हणत तो इथेच समुद्राकडे झोपला होता; ती मागच्या खोलीत तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालत होती. तिने किल्ली त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतली. “समुद्र यंदा माझा.” “चेष्टा पुरे,” तो हसला. “मॅडम, बाळाचा पाळणा कुठे ठेवायचा?” रिसेप्शनिस्टने विचारलं. “साहेबांच्या खोलीत.” तिने बाळ त्याच्याकडे दिलं. बाळाने भोकाड पसरलं. तिने दुधाची बाटली त्याच्या खिशात खुपसली. “घाबरू नकोस. गेल्या वर्षी मध्यरात्री मी तुला मदतीला बोलावलं, तेव्हा ‘रडून थकलं की झोपतं’ असं फोन ठेवताना तूच म्हणाला होतास ना?”