भट्टीचा डोळा

तांबडा दिवा पुन्हा लागला आणि भट्टी पुन्हा पेटायची राहिली.

नाथाजीनं बटणावरचं बोट काढलं. मागं मधुकर फोरमन उभा होता आणि त्याच्या मागं कारखान्याचे मालक भाऊसो. पलूस रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये पंखा एवढा घोंघावत होता, की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागे.

भट्टीच्या भिंतीत एक डोळा बसवलेला होता. आत ज्योत दिसली की तो तांबडा दिवा लावायचा. ज्योत विझली की तेल बंद करायचा. पेटवायच्या आधीच ज्योत दिसली, तर मात्र भट्टी सुरूच होऊ देत नसे. आज गार भट्टीत त्याला ज्योत दिसत होती. तीही सारखी नाही. दिवा लागायचा, जायचा, परत लागायचा.

"तार ढिली झालीय. दुसरं काय?" मधुकर म्हणाला.

नाथाजीनं तार तपासली होती. डोळ्याची काच पुसली होती. झरोक्यातून आतही बघितलं होतं. मिट्ट काळोख.

भाऊसो सकाळपासून धुसफुसत होते. भट्टीला आतून नव्या विटा लागल्या होत्या. त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी स्वतः येऊन पूजा केली होती. त्याआधी जागा झाडून घेतली, सडा घातला, सगळी पायताणं शेडबाहेर रांगेत लावून घेतली. साताऱ्याचं गिऱ्हाईक ऑफिसात खोळंबलं होतं. पेढे संपले, भट्टी गारच. प्रसादाला गवंडी बिराप्पा तेवढा नव्हता. रात्रभर विटा बसवून दमलेला माणूस, घरी जाऊन झोपला असेल, असं सगळ्यांनी धरलं.

डोळ्याच्या तारा सोडून एकमेकींना जोडून टाक, असं मधुकरचं म्हणणं. मग डोळ्याला काय दिसायचं ते दिसो. सगळीकडे तसंच करतात.

नाथाजीला ते ठाऊक होतं. शेजारच्या कारखान्यातल्या अर्जुनालाही ठाऊक होतं. त्यानं अशाच तारा जोडल्या होत्या. ज्योत विझली, तेल आत साचत राहिलं, आणि भडका उडाला. अर्जुनाला त्याच्या आईनं हातातल्या कड्यावरून ओळखलं.

नाथाजीनं नकारार्थी मान हलवली.

"मशीनच्या डोळ्यावर एवढा जीव असेल तर लग्न लाव त्याच्याशी," मधुकर म्हणाला.

भाऊसो जवळ आले. पेटवायची नसेल तर पक्कड खाली ठेव आणि घरी जा, म्हणाले. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडल्यापासून नाथाजीला मिळालेली ही पहिली धड नोकरी. त्याची बायको रंगूबाई मिरजेच्या दवाखान्यात पडून होती. तिचं औषध याच नोकरीवर चालत होतं.

"मालक, माणूस मरंल एखादा."

"कोण मरंल? आत कोण हाय का?"

"न्हाई. पूजेनंतर दार लावताना बघितलं मी. तोंडाशी पायताण न्हवतं."

शेडची रीतच तशी होती. अग्नीच्या जागेत पायताण न्यायचं नाही. आत उतरणाऱ्यानं ते भट्टीच्या तोंडाशी काढायचं, आणि ते दिसलं की दाराला कुणी हात लावायचा नाही. आजवर कधी चूक झाली नव्हती.

"मग झालं तर," भाऊसो म्हणाले.

दिवा पुन्हा लागला. नाथाजी त्याच्याकडे बघत राहिला. मागं मधुकर, ऑफिसात गिऱ्हाईक, मिरजेला रंगूबाई. जायला कुठंच वाट नव्हती.

त्यानं पक्कड उचलली. तारा सोडल्या, जोडल्या. दिवा गेला. मधुकरनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता बघायला नाथाजीचेच डोळे उरले होते. बटणावर बोट ठेवून त्यानं झरोक्याला डोळा लावला.

आत काडी पेटली. काडीच्या उजेडात बिराप्पा होता.